जाळीची दुहेरी गाठ

"कुणीतरी विष घातलंय!" थोरलीनं बाईंना काचघरात जवळजवळ ओढतच नेलं.

बाई खासगी गुप्तहेर. मागून पिशवी सांभाळत त्यांचे मदतनीस, भावोजी, आले. किडे म्हटलं की भावोजींच्या अंगावर काटा येई, आणि इथे तर किडे पाळलेले!

मिरचीवरच्या माव्याचा, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडीचा, बंदोबस्त थोरली आणि धाकटा ही दोघं भावंडं करीत. थोरलीच्या इवल्या माश्या माव्याच्या पोटात अंडी घालत. मावा फुगून टणक होई आणि त्याला गोल भोक पाडून नवी माशी निघे. उरलासुरला मावा मग धाकट्याचे ठिपकेदार ढालकिडे फस्त करीत. आधी माश्या, मग किडे, हा क्रम ठरलेला.

"आता बाबांना आमच्या दोन पैदास-खोल्यांपैकी एकच ठेवायचीय," थोरली म्हणाली. "या खेपेला माश्या निघाल्या तर माझी, नाहीतर धाकट्याची."

थोरलीच्या जाळीच्या पेटीत एकही माशी नव्हती. पानाखाली एक ढालकिडा मात्र मजेत फिरत होता. बाईंनी फुगलेल्या माव्यावर भिंग धरलं. सगळी कवचं कुरतडलेली. पेटीचं तोंड सुतळीच्या दुहेरी गाठीनं बांधलेलं होतं.

"मी तर रबर लावते," थोरली पुटपुटली.

दाराशी उभे असलेले, फवारणीची औषधं विकणारे मामा उसळले, "मारा सगळं माझ्याच माथी!"

धाकटा मिरचीच्या रोपांना प्लास्टिकचे चिमटे लावत होता. "गाठ मला जमत नाही. किड्यांचा एक डबा रिकामा दिसला खरा. वाटलं, ताईनं नेला. त्यांना खायला तीच घालते."

बाबा न बघताच रोप सुतळीनं तारेला बांधत होते. "माश्याच त्या. मरायच्याच."

"मामांनीच केलं," भावोजी कुजबुजले.

"विष असतं तर तो किडा जगला असता, भावोजी?" बाई मोठ्यानं म्हणाल्या. "माशी निघाली असती तर भोक गोल असतं. इथे कुरतडलंय. म्हणजे उपाशी ढालकिडे आधीच आत सोडले, आणि त्यांनी पोटातल्या माश्यांसकट मावा खाल्ला. बाकीचे नंतर काढून घेतले, हा एक राहिला. सोडणाऱ्यानं सवयीनं गाठ मारली. तीच गाठ, बाबा, तुम्ही आत्ता मारलीत."

बाबांचे हात थांबले.

"हिला कुठेही काम मिळेल," ते शेवटी म्हणाले. "धाकट्याला दारात कोण उभं करील?"

"म्हणजे मला येतं, म्हणून मी जायचं?" थोरलीनं विचारलं.

बाबा पुढचं रोप बांधायला वळले. भावोजींना त्या म्हाताऱ्याचा संताप आला. इतका, की हातातली पिशवी त्यांनी खाली आपटली.

थोरलीनं अंगावरचा कामाचा डगला काढून खुंटीला लावला. ती दारापर्यंत पोचली तोच धाकटा मागून धावत आला.

"ताई, संध्याकाळी किड्यांना काय घालू?"

"बाबांना विचार," ती म्हणाली आणि बाहेर पडली.