डोळे मिटणारा चष्मेवाला

“फोटो चांगला आला, की लगेच सांगून टाकायचं – आला. समोरचा माणूस श्वास रोखून बसलेला असतो, पोरी. त्याला ताटकळत ठेवू नये.”

बाबांचा हा आवाज तिने ऐकला तेव्हा ती सात वर्षांची होती आणि कॅमेऱ्याला डोळा लावता यावा म्हणून खोक्यावर चढून उभी होती. आता बाबा नव्हते. खोकं होतं, ढगांचा रंगवलेला पडदा होता, आणि गल्लीतल्या तीन पिढ्यांना ताठ बसायला लावणारं ते गोल स्टूल होतं. स्टुडिओ आता तिचा होता. ‘आला’ हा शब्दसुद्धा.

त्या सकाळी मात्र तो शब्द काही केल्या तोंडातून निघत नव्हता. समोर गादीवर आठ महिन्यांचं बाळ न्यायाधीशासारखं बसलं होतं. तिने खुळखुळा वाजवला, मांजर झाली, बदक झाली. बाळाची आई हसून हसून दमली, पण बाळाचा निकाल काही बदलेना. शेवटी ती गुडघ्यांवर बसली, डोक्यावर काळं कापड घेतलं आणि घसा ताणून कावळ्यासारखी ओरडली... नेमकं तेव्हाच दार उघडलं.

दारात एक उंच तरुण. नाकावर एक चष्मा, कपाळावर दुसरा. तिचा अवतार बघून तो असा दचकला, की कपाळावरचा चष्मा घसरून नाकावरच्या चष्म्यावर येऊन बसला. बाळ खदखदून हसलं. तिने हातातलं बटण दाबलं.

“आला,” ती म्हणाली.

“मी... नंतर येऊ का?” तरुण म्हणाला. “कावळा उडाल्यावर?”

“कावळा इथेच राहतो. बसा.”

गल्लीच्या टोकाला महिन्याभरात चष्म्यांचं नवं दुकान उघडणार होतं, ते त्याचं; आजवर तो दुसऱ्याच्या दुकानात डोळे तपासत होता. दुकानावर मोठा बोर्ड लागणार होता आणि बोर्डावर मालकाचा हसरा चेहरा हवा, असा त्याच्या आत्याचा हुकूम होता. आत्यानेच त्याला लहानाचं मोठं केलं होतं, त्यामुळे हुकूम मोडायची सोय नव्हती.

बाळ गेल्यावर तो स्टुलावर बसला. तिने एक फोटो काढला. डोळे मिटलेले. दुसरा काढला. मिटलेले. असे अकरा झाले.

“दिवसभर लोकांच्या डोळ्यांत बघता ना हो तुम्ही?” ती म्हणाली. “मग स्वतःचे का मिटता?”

“बघायची सवय आहे. कुणी बघण्याची नाही.”

“चष्म्याच्या दुकानावर हा फोटो लागला, तर लोक आत येतील, पण तुमची विचारपूस करायला. चला, काचेकडे बघा.”

“कुठल्या? कॅमेऱ्याच्या, की तुमच्या चष्म्याच्या?”

“कॅमेऱ्याच्या,” ती म्हणाली, आणि उगाचच स्वतःचा चष्मा वर सरकवला.

“एक विचारू? तो कावळा... पुन्हा होईल का?”

ती कावळा झाली. अगदी छोटा, लाजरा. आणि तो हसला. तिने बटण दाबलं, मग कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहिलं, आणि तिचाच श्वास अडकला. डोळे टक्क उघडे. कडेला हसण्याची बारीक घडी. दुरून आपल्या माणसाने हाक मारावी आणि मान वळावी, तसा तो चेहरा.

‘आला’ म्हणायला तिने तोंड उघडलं.

“मिटले,” ती म्हणाली.

असं का म्हटलं, ते तिचं तिलाच कळेना.

“मग? उद्या येऊ?”

“परवा. उद्या एका आजींच्या नातवंडांची अख्खी पलटण आहे.”

त्या संध्याकाळी तिने तो फोटो छापला. कागदाचा पोत बघायला, असं स्वतःला बजावलं आणि टेबलाच्या खणात, काचा पुसायच्या कापडाखाली ठेवून दिला. त्यानंतर कुठलीही काच पुसायची नसताना तो खण दिवसातून पाच-सहा वेळा उघडला जाऊ लागला.

परवा तो निळा सदरा घालून आला. डोळे मिटले. पुढच्या आठवड्यात केस कापून आला, कान नवीनच दिसत होते. डोळे मिटले. तो आला की ती पडदा सरळ करी, दिवा उगाच इकडचा तिकडे करी, आणि बोलणं मात्र संपता संपत नसे.

“तुमच्या चष्म्याची डावी दांडी वाकडी आहे,” एकदा तो म्हणाला.

“माझं नाकच वाकडं असेल.”

“नाकाला नावं ठेवू नका. द्या इकडे.”

चष्मा काढताच तिच्यासाठी ढगांचा पडदा, दिवे, तो... सगळं एक झालं. कानाजवळ त्याची बोटं अलगद टेकली आणि जग पुन्हा लख्ख झालं, पण त्यात आधी तोच दिसला, पडदा आणि दिवे बऱ्याच उशिराने. त्या दिवशी तिने कॅमेऱ्याच्या काचेवरचं झाकण न काढताच सहा फोटो काढले. त्यालाही ते दिसलं असणार. पण त्याने सांगितलं नाही.

पाचव्या वेळी मात्र तो एकटा आला नाही. पुढे आत्या होती, हातात पर्स ढालीसारखी धरून.

“पाच वेळा?” आत्या म्हणाली. “अगं, आमच्या लग्नात सत्तर माणसांचा एकच फोटो काढला होता. सत्तरच्या सत्तर डोळे उघडून. मध्ये घुसलेला कुत्रासुद्धा! तुझ्या वडिलांनीच काढला होता तो.”

ती टेबलाच्या खणाला पाठ लावून उभी राहिली.

“वाईट वाटतं बोलायला, पण त्यांचा हात तुझ्यात उतरला नाही, पोरी. रविवारी दुकान उघडायचंय. चल रे, चौकातल्या फोटोवाल्याकडे जाऊ.”

बाबांचं नाव निघालं तशी तिच्या चष्म्याच्या काचांवर आतून धुकं आलं. आता हा उठणार. दार वाजणार. आणि पुन्हा यायला याला कारण उरणार नाही.

तो उठला खरा. पण दाराकडे गेला नाही.

“आत्या, त्यांना बोलू नकोस. दुसऱ्या खेपेपासून मी मुद्दाम डोळे मिटतोय.”

“मुद्दाम?”

“चांगला फोटो आला असता, तर काम संपलं असतं ना...” तो म्हणाला, आणि त्याचे नवे कान लालभडक झाले.

आत्याने पर्स खाली ठेवली. “आणि पहिल्या दिवशी?”

“पहिल्या दिवशी खरंच मिटले होते. यांनीच सांगितलं की.”

तो पुन्हा स्टुलावर बसला. आता ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. दोष सगळा त्याने घेतला होता, बाबांचं नाव राखलं गेलं होतं. पण तो तिच्याकडे बघत होता आणि त्याची छाती हलत नव्हती. श्वास रोखून बसला होता तो. आजच नाही, महिनाभर तसाच बसला असावा.

तिने खण उघडला. कापड बाजूला केलं आणि फोटो आत्याच्या हातात दिला.

आत्याने पर्समधून चष्मा काढून फोटो पाहिला. मग भाच्याला पाहिलं. मग तिला.

“मी जरा बाहेर उभी राहते,” आत्या म्हणाली. “इथे दिवे फार आहेत.”

दार लागलं.

“आला होता,” ती म्हणाली. तिचा आवाज कावळ्याहून फारसा बरा निघाला नाही. “पहिल्याच दिवशी. पण तसं सांगितलं असतं, तर तुम्ही पुन्हा कशाला इकडे फिरकला असतात... आणि मला तर तुम्ही रोज हवे आहात.”