पथारीवरचा खोटा पाऊस

"ऐका हो ऐका! दुपारी जोराचा पाऊस येणार आहे! पथारीवरच्या मिरच्या लगेच गोळा करा!"

ग्रामपंचायतीचा भोंगा असा कोकलला आणि आशा, लखन, भाविका या तिघांचा नदीवर जायचा बेत जागच्या जागी बारगळला. दिवाळीची सुट्टी, डोक्यावर लख्ख ऊन, आणि म्हणे पाऊस! पण अवकाळीचं नाव निघालं की पथारीवर कुणी आभाळाकडे बघत बसत नाही. पथारी म्हणजे गावाबाहेरचं मिरच्या वाळवायचं मोकळं रान; तिथं नजर पोचेल तिथवर लालेलाल मिरच्या वाळत पडल्या होत्या. आशाची आई तुळशीबाई आणि वस्तीवरच्या सगळ्या बाया टोपल्या घेऊन धावल्या. त्यांच्यामागे ही तिघंही धावली.

बघता बघता ढीग लागले, त्यांच्यावर ताडपत्र्या पडल्या.

"ओल्याच मिरच्या झाकी दिन्यात," तुळशीबाई कपाळाला हात लावून म्हणाली. "आते पांढऱ्या पडतीन!"

पथारीवरचं काम बुडालं की घर गुजरातला ऊसतोडीला जाणार, हे आशाला पक्कं ठाऊक होतं. मुकादम आज संध्याकाळीच विचारायला येणार होता. तिसरीत असताना आशानं अख्खी थंडी उसाच्या फडात काढली होती. परतली तेव्हा वर्ग भागाकारावर पोचलेला आणि तिला पाढेसुद्धा आठवेनात! आता ती सातवीत होती. पुन्हा तसंच झालं तर?

"आशे, तिकडे देख ना!" लखननं तिला कोपरानं ढोसलं. लखन तिचा चुलतभाऊ, बडबड्या नंबर एक.

रिकाम्या झालेल्या रानात दोन माणसं पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारत होती. शेजारी गाडीच्या सावलीत राजेंद्रशेट उभा होता. शहरात प्लॉट विकायचा त्याचा धंदा.

"कबड्डीचं मैदान करी ऱ्हायनात वाटतं!" लखन म्हणाला.

"तुन्हं डोकं ठिकानवर शे का?" आशा पुटपुटली. "पानी येणार शे, तर फक्की कोन मारी?"

खरंच की! पहिल्या सरीत सगळ्या रेघा वाहून जातील!

"म्हणजे पाऊस येणार नाही, हे त्याला माहीत आहे!" भाविका कुजबुजली. सरपंच गिरधरआबांची ही नात. "आणि सकाळी आबांना पावसाची बातमी यानंच दिली. मीच चहा दिला ना त्याला! आबा अर्धा कप टाकून भोंग्याकडे पळाले!"

आता जवळ जाऊन ऐकायला हवं होतं. आडोसा मात्र एकच, मिरच्यांवरची ताडपत्री.

"मी जाते," भाविका म्हणाली.

"तू? तुले तर फोडणीनाच ठसका लागस!" लखन फिस्सकन हसला.

आशाच सरपटत आत शिरली. डोळ्यांतून धारा लागल्या, घसा पेटला. एक शिंक आली असती तरी कारभार आटोपला असता! तिनं नाक घट्ट दाबून धरलं. शेट फोनवर बोलत होता.

"जागा मोकळी करून घेतलीय. मॅडम निघाल्यात. पडीक रान दाखवायचं, बस! शेतीतून काढून रहिवासी विभागात घातलं की प्लॉट पाडायला आपण मोकळे. काय म्हणता, हरकती? अहो, सुनावणी आहे हे गावाला ठाऊक असेल तर हरकत घेतील ना! दवंडीचं काम मीच अंगावर घेतलं होतं!" आणि तो खो खो हसला.

आशाला आता सगळं उमगलं. पथारीच जाणार! नुसती या वर्षी नाही, कायमची!

ती बाहेर आली ती धावतच. ऐकताच भाविका भोंग्याकडे सुसाट सुटली आणि आशा बायांकडे.

"आई, पानी येणार नही! पथारी उघडा!"

"शेट काय खोटं सांगी का?" तुळशीबाई घाबरली. "पानी उनं तर गावभरना माल भिजी, पोरी!"

"आठे घरं बांधणार शेत, आई! मंग तू मिरच्या कोठे वाळवशी?" आशानं आईचा पदर ओढला. "माले फडात नही जावानं. माले शाळामां जावानं शे!"

तुळशीबाईनं लेकीच्या लाल डोळ्यांकडे पाहिलं. मग आभाळाकडे. ढगाचा एक ठिपकाही नव्हता. तिनं ताडपत्रीला असा हिसडा दिला की दगड उडाले!

"उठा वं बायासहोन! पसारा मिरच्या!"

तेवढ्यात भोंगा ओरडला. आवाज भाविकाचा! "पाऊस खोटा आहे! आज जमिनीची सुनावणी आहे! सगळ्यांनी पथारीवर या!"

टोपल्या पालथ्या होऊ लागल्या. पांढऱ्या रेघा एकेक करून लाल मिरच्यांखाली गेल्या. "ए, थांबा!" करत शेट धावला खरा, पण उडालेला खकाणा नाकात गेला आणि तो शिंकतच सुटला. "थां... आक्छी! थांब... आक्छी!"

अशात सरकारी जीप येऊन थांबली. सुनावणी घ्यायला आलेल्या मॅडम उतरल्या, पदर नाकाला लावून बघतच राहिल्या.

"हे पडीक रान? गावात दवंडी दिली होती ना?"

"दिली ना," धापा टाकत आलेले गिरधरआबा शरमून म्हणाले. "पावसाची दिली! मीच दिली, याच्या भरवशावर."

मग एकेक बाई पुढे झाली. तुळशीबाई आधी अडखळली, मग थांबलीच नाही. इथं कोण राबतं, पथारी गेली तर कुणाची चूल विझेल, सगळं बोलली. मॅडमनी मिरच्यांतच बैठक मारली आणि सगळ्यांची हरकत लिहून घेतली.

"ही जमीन वापरात आहे. शेतीतच राहावी, असं मी वर कळवते," त्या म्हणाल्या. "आणि यापुढची सुनावणी इथंच, सगळ्या गावासमोर. राजेंद्रशेट, त्या दवंडीचा जाब तुम्हाला द्यावा लागेल."

शेटनं उत्तरादाखल फक्त शिंक दिली!

आबांनी तिघांच्या पाठीवर थाप मारली. "मी म्हातारा आभाळ न बघता ओरडलो, आणि तुम्ही पोरांनी जमीन बघितली! शाब्बास रे पोरांनो!"

संध्याकाळी मुकादम दारात उभा राहिला. आशा आईला बिलगून श्वास रोखून ऐकत होती.

"काय तुळशीबाई, येतस ना?"

"नही भाऊ," तुळशीबाई म्हणाली. "सुट्टी सरनी की पोरनी शाळा शे."