आईचा रक्तदाब का उतरेना?

"आई गोळ्या वेळेवर घेते, लोणचं-पापड तर केव्हाच सोडलंय. मग तिचा रक्तदाब उतरत का नाही?" शाल्मलीने डॉक्टर नाझनीन मुल्लांना विचारलंच.

शाल्मलीची आई वेंगुर्ल्याला सौरऊर्जेवर चालणारी प्रवासी बोट चालवायची. एकदा सुकाणू हातात असतानाच तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. तेव्हापासून बोट बंद होती आणि शाल्मलीचा जीव टांगणीला लागला होता.

"दाब वाढवणारा दुसरा कुठलाही आजार नाही, हे आम्ही आधी तपासलं," डॉक्टर म्हणाल्या. "नाडू, पुढचं तू दाखव."

नाडू म्हणजे दवाखान्यातला यंत्रमानव. त्याने हवेत आईच्या किडनीचं चित्र उभं केलं. किडनीकडे जाणाऱ्या धमनीभोवती (हृदयाकडून रक्त नेणाऱ्या नळीभोवती) बारीक धाग्यांचं जाळं होतं.

"हे मज्जातंतू, मेंदूचे निरोप नेणारे धागे," नाडू म्हणाला. "तुझ्या आईचे बहुधा फारच बडबडे असावेत. 'मीठ धरून ठेव, पाणी धरून ठेव!' असं किडनीला सारखं सांगतात. म्हणून दाब वाढतो."

"मग त्यांना गप्प करा ना!"

"तेच करायचंय. जांघेतल्या धमनीतून कॅथेटर (शेवईसारखी लवचीक नळी) आत न्यायचा आणि उष्णतेने हे धागे निकामी करायचे. याला 'रीनल डिनर्व्हेशन' म्हणतात."

"आणि किडनीच बंद पडली तर?" शाल्मलीने घाबरून विचारलं.

"रक्त गाळायला तिला हे निरोप लागत नाहीत. दुसऱ्याची किडनी बसवतात, तेव्हा तिचे धागे तुटलेलेच असतात. तरी ती काम करते."

"गुण येईलच ना?" शेजारी बसलेल्या आईने विचारलं.

"बहुतेकांना येतो, सगळ्यांना नाही," डॉक्टर म्हणाल्या. "थोडा धोकाही असतो. गोळ्या लगेच सुटणार नाहीत. नीट विचार करून सांगा."

आईने दोन दिवस विचार केला आणि होकार दिला.

उपचार सुखरूप पार पडला, पण दाब लगेच हलला नाही. शाल्मली रोज रक्तदाब मोजायच्या यंत्राकडे डोळे लावून बसायची. हळूहळू, काही आठवड्यांनी, आकडे खाली येऊ लागले. अखेर डॉक्टरांनी एक गोळी कमी केली आणि म्हणाल्या, "आता बोट चालवायला हरकत नाही."

शाल्मलीला एकदम रडूच फुटलं.

"अगं, आता कशाला रडतेस?" आईने तिला जवळ घेतलं.

"इतके दिवस रडायची भीती वाटत होती!"

डॉक्टर हसल्या. "कुणाचे धागे बडबडे आहेत, हे आधीच ओळखता आलं, तर किती बरं होईल! आम्ही अजून शोधतोय."

शाल्मलीने डोळे पुसले. "मी मोठी होईपर्यंत नाही सापडलं, तर मी शोधीन."