फरहात सरांची फाइल

यातलं एक अक्षरही माझ्या पदरचं नाही. पटत नसेल तर खुशाल हसा. मीही आधी हसलोच होतो.

हे माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत घडलं, ओल्फाच्या. स्फाक्स शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात, रमजानच्या एकोणिसाव्या दिवशी. आणि रात्री नाही... दिवसाढवळ्या.

ओल्फा प्रोग्रॅमिंगच्या विषयात दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा नापास झालं की कॉलेज नाव काढून टाकतं. पाच वाजता लॅब बंद व्हायच्या आत तिला प्रोग्रॅम चालवून दाखवायचा होता.

काम तसं साधं. सी भाषेतला प्रोग्रॅम चालता चालता स्वतःची एक प्रत काढतो. मूळ तो पेरेंट, प्रत म्हणजे चाइल्ड. दोघांच्या मध्ये एक पाइप; तो तयार करून देणारी फाइल विषयाचे शिक्षक फरहात सर द्यायचे. पेरेंटनं एका टोकातून ओळी लिहायच्या, चाइल्डनं दुसऱ्या टोकातून वाचून पडद्यावर दाखवायच्या. लिहून झालं की लिहिण्याचं टोक बंद करायचं. मग चाइल्डला कळतं की संपलं, आणि दोघंही थांबतात.

पण ते टोक कुणाच्याही हातात उघडं राहिलं, तर चाइल्ड वाट बघत बसतं.

कायमचं.

ओल्फाचं चाइल्ड वाट बघत बसलं होतं.

तीन ओळी पाठवल्या. तीन आल्या. पुढे... काहीच नाही.

तिनं अकरा वेळा तपासलं. टोक पेरेंटमध्ये बंद होतं, चाइल्डमध्येही बंद होतं. पोटात अन्न नाही, डोक्याचा भुगा झालेला. शेवटी तिनं हाक मारली.

"फरहात सर, जरा बघता का?"

रमजानात सरांची दिवसभराची कॉफी आणि सिगारेट बंद. महिनाभर त्यांच्या वाऱ्यालाही कुणी उभं राहत नसे. ते खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत.

"लिहिण्याचं टोक बंद केलंस?"

"केलंय सर."

"दोन्हीकडे?"

"दोन्हीकडे."

"मग चाललं असतं. नाही चाललं म्हणजे नाही केलंस. मला शिकवू नकोस!"

ओल्फानं दात-ओठ खाल्ले.

शेजारची सौसेन बॅग आवरत कुजबुजली, "अगं वेडे, सरांची फाइल कशाला घेतलीस? ती कुणीच घेत नाही. वरच्या वर्गातल्यांकडून उतरवायचं. ते शेवटी चाइल्डला ठारच मारतात. वाट बघायची भानगडच नाही."

"पण प्रश्नातच लिहिलंय ना, सरांची फाइल वापरा म्हणून!"

"लिहिलंय. मग बस वापरत. मी चालले, घरी इफ्तारसाठी ब्रीक तळायचेत."

सौसेन गेली. एकेक करत सगळेच गेले. बाहेरच्या रस्त्यावरचे हॉर्नही कमी कमी होत थांबले. फरहात सर टेबलावर डोकं टेकून पडले होते.

आणि मग...

खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीकडून आवाज आला. टक. टक. कळा दाबल्याचा.

ओल्फानं तिकडे पाहिलं. कुणी नव्हतं.

तिनं पुन्हा पडद्याकडे पाहिलं. तीन ओळींखाली... चौथी ओळ होती.

'सर, मी बंद केलंय. परत बघा.'

ही ओळ तिनं लिहिलीच नव्हती.

तिनं प्रोग्रॅम मधेच थांबवला. पुन्हा चालवला. तीन ओळी... टक, टक... आणि चौथी. तीच.

बाहेरच्या माणसाला हे जमणारच नाही. त्या पाइपला नाव नसतं. पेरेंट आणि चाइल्ड सोडून तो कुणाच्या हाती लागत नाही. पण त्या क्षणी ओल्फाला भीती नाही, संताप आला.

"कोण आहे रे? माझं आख्खं शिक्षण पणाला लागलंय आणि तुला मस्करी सुचतेय?" ती ओरडली.

सर दचकून उठले. "काय तमाशा लावलायस?" म्हणत तिच्यामागे आले. त्यांनी पडदा वाचला.

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे... तुला कुणी सांगितलं?"

"काय सांगितलं?"

सरांनी खिडकीजवळच्या खुर्चीकडे पाहिलं. "वजदी. चार वर्षांपूर्वी. त्या खिडकीजवळ बसायचा. इथेच उभा राहून हेच म्हणाला होता, याच शब्दांत. मी उठलो नाही. शून्य दिलं."

"मग?"

"रागारागानं मोटरसायकल काढली. इफ्तारच्या आधीची ती घाई, तुला माहीत आहे... घरी पोचलाच नाही."

टक. टक. टक.

पाचवी ओळ आली. 'परत बघा.'

"बघा ना सर! एकदा तरी बघा!" ओल्फा रडकुंडीला आली होती.

सर हलले नाहीत.

मग तिनंच त्यांची फाइल उघडली. जेमतेम चाळीस ओळी. इतक्या वर्षांत त्या कुणी वाचल्याच नव्हत्या. पाइप तयार करताना सरांनी कधीकाळी, नोंदी ठेवायला म्हणून, लिहिण्याच्या टोकाची एक जादा प्रत काढली होती.

ती बंद करायला ते विसरले होते.

म्हणजे जे उतरवून घेत, ते पास. जे सांगितल्याप्रमाणे करत, ते अडकत. ओल्फाचं डोकं भणभणलं. तिनं ती ओळ खोडली आणि प्रोग्रॅम चालवला.

तीन ओळी. आणि प्रोग्रॅम संपला.

पाचला चार मिनिटं कमी होती. सरांनी तिचे गुण लिहिले.

"आणि वजदीचे?" तिनं विचारलं.

"त्याचा निकाल कधीच लागून गेला. ऑफिस आता तो उघडणार नाही." ते बॅग उचलून निघून गेले. पुढच्या वर्षी त्यांनी बदली मागून घेतली.

जाता जाता ओल्फानं खिडकीजवळचा कीबोर्ड उचलून पाहिला. त्याची वायर... कशालाच जोडलेली नव्हती.

ओल्फा आता नोकरीला आहे. वजदीचं शून्य बदलावं म्हणून तिनं ऑफिसला सहा अर्ज दिलेत. सहाही वेळा पोच मिळाली, उत्तर नाही. एकदा हिय्या करून ती त्याच्या आईकडे गेली, सगळं सांगितलं. त्या माउलीनं शांतपणे ऐकून घेतलं.

"माझा पोरगा खोटं बोलत नव्हता, हे मला ठाऊक आहे गं," ती म्हणाली. "मला काय सांगतेस? त्यांना सांग."

सातवा अर्ज गेल्या सोमवारी मी स्वतः नेऊन दिला. कारकुनानं तो न वाचताच गठ्ठ्यात सारला. बाहेर पडताना त्या लॅबवरून जावं लागतं. दाराला कुलूप होतं, दिवे बंद होते...

आत कुणीतरी टाइप करत होतं.