यादीतली चौदावी नोंद

ज्याच्याकडे घराचं डिपॉझिट भरायला पैसे नाहीत, त्याच्या घरमालकाला आमची कौन्सिल रोकड देत नाही, हमीपत्र देते. भाडेकरूनं घराचं नुकसान केलं तर आम्ही भरू, एवढंच त्यात लिहिलेलं असतं. पण किल्ली हाती पडण्याआधी मी घरभर फिरून यादी करते. नळ, पडदे, गालिच्यावरचा चहाचा डाग, सगळं. जे यादीत नसतं ते पुढे भाडेकरूच्या माथी येतं. बावीस वर्षांत हे इतक्यांदा पाहिलंय की आता मी ताकही फुंकून पिते. ऑफिसात मला 'खिळे मोजणारी नेरिस' म्हणतात. म्हणोत बापडे.

हेलेडला मिळालेलं घर ब्लायनाइ या खाणींच्या गावातलं, स्लेटच्या दगडांच्या ढिगाऱ्याच्या पायथ्याशी असलेल्या ओळीतलं अगदी शेवटचं. ती आणि तिची सहा वर्षांची मुलगी माबली अकरा महिने, कौन्सिल बेघरांना ठेवते त्या गेस्टहाउसच्या एका खोलीत राहत होत्या, किटलीत अंडी उकडून खात. घरमालक इदवाल पॅरी म्हणजे चमडी जाईल पण दमडी जाणार नाही असा म्हातारा. या घराचं भाडं मात्र त्यानं फारच कमी ठेवलं होतं.

मागच्या लहान खोलीच्या भिंतीवर हाताचा एक ठसा होता. लहान मुलाचा, डावा, ओला. बाकी भिंत ठणठणीत कोरडी. ओल मोजायचं यंत्र लावलं, तर आजूबाजूला नऊ आणि ठशावर काटा थेट टोकाला.

"ओल आहे हो. वाळेल," असं म्हणत पॅरीनं तो बाहीनं पुसून टाकला.

पॅरी, हेलेड, माबली आणि मी तिथेच उभे होतो. ठसा परत उमटला. आधी तळवा, मग एकेक बोट.

"रंग देऊन पाहिलात?"

"चारदा." तो खिडकीबाहेर बघत होता. "हे लिहू नका, नेरिसबाई. असलं कागदावर कशाला?"

"उद्या तुम्ही हिच्याकडे भिंतीचे पैसे मागाल म्हणून."

मी लिहिलं. नोंद चौदा: हाताचा ठसा, एक, ओला, जमिनीपासून सत्त्याऐंशी सेंटिमीटर. लिहिताना माझंच मला हसू आलं, पण पेन काही थांबलं नाही. हेलेड आता नको म्हणेल असं वाटलं होतं. ती म्हणाली, "बाई, गेस्टहाउसात रात्रभर उशाशी शेजाऱ्यांची भांडणं ऐकली आहेत. हा निदान गप्प तरी आहे." आणि तिनं सही केली.

माबलीनं मधेच आपला डावा हात ठशावर ठेवला. तंतोतंत बसला.

"गार नाहीये," ती म्हणाली.

वर्षानं मी पाहणीला गेले. घर लखलखीत होतं, चुलीवर मटणाचं सूप रटरटत होतं. ठसा त्र्याण्णव सेंटिमीटरवर होता. माझ्या टेपमध्ये खोट असेल म्हणून हेलेडची शिवणाची टेप मागून घेतली. त्र्याण्णवच. माबलीनं न सांगता हात लावून दाखवला. अजूनही तंतोतंत.

"त्रास नाही ना काही?" मी विचारलं.

"छे हो. उलट घरात सगळ्यात उबदार खोली तीच."

तिसऱ्या वर्षी हेलेडला बँगर शहरातल्या हॉस्पिटलात स्वयंपाकघराची कायमची नोकरी लागली. तिथे तिनं घरही पाहिलं. पण आमच्याकडे माणशी एकच हमीपत्र. जुनं काही मागणी न होता परत आलं, तरच नवं. पॅरीनं एका पडद्याचे जरी पैसे मागितले असते, तरी हेलेडला घर नाही, म्हणजे पुन्हा ती खोली, पुन्हा ती किटली. बिचारी तीन दिवस फरश्या घासत होती.

घर सोडायच्या दिवशी सकाळी दहाला पॅरी, हेलेड आणि मी यादी घेऊन घरभर फिरलो. तेरा नोंदी जुळल्या.

लहान खोलीत ठसा नव्हता.

यंत्र भिंतभर फिरवलं. सगळीकडे नऊ. पॅरीनं आपला तळवा भिंतीवर टेकवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग तो खिडकीच्या कट्ट्यावर बसला आणि त्यानं रुमाल डोळ्यांना लावला.

माझ्या यादीत एक रकाना असतो: वस्तू नसल्यास कुठे गेली. तो रिकामा सोडता येत नाही. दारात माबली बुटाची नाडी बांधत होती.

"तो आमच्याबरोबर येतोय," ती म्हणाली. "मी विचारलं त्याला."

मी लिहिलं: भाडेकरूने सोबत नेली.

पॅरीनं पडदे पाहिलेच नाहीत. पेन घेतलं आणि सही करून टाकली. हेलेडनं मला मिठी मारली, तिच्या हातांना ब्लीचचा वास येत होता. माझाही जीव भांड्यात पडला. खरंच पडला.

निघताना हेलेड गाडीत मागच्या सीटवर वाकली. माबलीचा पट्टा खट्कन बसला. नव्या घराच्या किल्लीबद्दल माझ्याशी बोलत बोलत ती दुसऱ्या बाजूला गेली. तिथे कुणी नव्हतं. तिथलाही पट्टा तिनं खट्कन लावला.

बँगरचं घर कोरं करकरीत. मी प्रत्येक भिंतीला हात लावून पाहिला. सगळ्या कोरड्या. यादी संपवून स्वयंपाकघराच्या ओट्यावर नवा अर्ज ठेवला. 'राहणारी माणसं' या रकान्यात सकाळीच मी दोन लिहिलं होतं.

जे लिहिलं नाही ते भाडेकरूच्या माथी येतं.

मी दोनाचे तीन केले.

हेलेड बोट फिरवत वाचत आली. आकड्यापाशी बोट थांबलं. मी काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होते. तिनं सुटकेचा श्वास सोडला आणि सही केली.

"बाई," पेन परत देताना ती म्हणाली, "डावखुऱ्या मुलांसाठी वेगळी कात्री मिळते ना हो?"

मी माबलीकडे पाहिलं. ती जमिनीवर पालथी पडून चित्र रंगवत होती. उजव्या हातानं.