सदऱ्यावरचा हळदीचा हात

"चूक झाल्यावर काय म्हणायचं?"

"सॉरी!"

"अन् कुणाला थांबवून वाट विचारायची असली तर?"

"एक्सक्यूज मी!"

महाराजपुरातल्या कॉलनीच्या हॉलमध्ये सुट्टीभर यशोधराताई बायकांना इंग्रजी शिकवत होती. गोंधळात पाडणारे शब्द जोडीजोडीनं पुठ्ठ्यांवर लिहून दोरीला टांगायचे. पण पुठ्ठे रोज गायब!

"काल शेवटी कोण निघालं?" कॉलनीचे सेक्रेटरी नरहरकाका गरजले.

"ज्योतीमावशी!" ताईच्या मदतीला येणाऱ्या शाळकरी दुर्वानं ठोकून दिलं. जिभेला काय हाड असतं?

झालं! घरोघरी भांडी घासणाऱ्या ज्योतीमावशीला काकांनी सगळ्यांदेखत झापलं. ती गेली ती फिरकलीच नाही. सोमवारी सदर भागातल्या हॉटेलात काउंटरच्या कामासाठी तिची इंग्रजीत मुलाखत होती!

"काहून बोलली तू?" दुर्वाचा दोस्त सुगत भडकला. "तिला नेताना पाहिलं का?"

"नाही रे..." दुर्वाचे कान तापले.

"मग आता खरा चोर पकड!"

दोघांनी पुठ्ठ्यांच्या मागं ओली हळद फासली. दुसऱ्या दिवशी पुठ्ठे गायब. दोघं हात तपासायला धावले, तर सगळ्याच बायकांचे हात पिवळे!

"अगं, आज घरोघरी कैरीचं लोणचं!" सुगतनं कपाळ बडवलं. "वा रे आपली अक्कल!"

तेवढ्यात नरहरकाका आले. पांढऱ्याशुभ्र सदऱ्यावर पिवळी पाच बोटं!

"काका, तुम्हीपण लोणचं घातलं?" दुर्वानं साळसूदपणे विचारलं.

"मी? हॅट! जन्मात स्वयंपाकघरात पाय नाही ठेवला!"

"अच्छा! मग ही हळद?"

काकांनी सदऱ्याकडे पाहिलं अन् मटकन खाली बसले. "नातवापुढे इंग्रजीची लई ऐट मारली होती. बायकांत बसून शिकायची लाज वाटली. म्हणून पुठ्ठे घरी नेऊन पाठ करून राहिलो होतो."

"अन् बोलणी खाल्ली ज्योतीनं!" यशोधराताई कडाडली.

"पोरं हुशार हो!" बायका म्हणाल्या. दुर्वाला ती शाबासकी चटक्यासारखी लागली.

ती धावतच ज्योतीमावशीच्या दारात गेली. 'सॉरी' ओठांवर होतं, पण एवढ्याशा शब्दात ते मावेना.

"मावशी, मी काही पाहिलं नव्हतं. तरी तुझं नाव घेतलं."

ज्योतीमावशीनं हातातली कढई खाली ठेवली. "बोललीस सगळ्यांसमोर. अन् हे मला एकटीला सांगतेस?"

संध्याकाळी ज्योतीमावशीला सोबत आणून दुर्वा भरल्या वर्गात उभी राहिली. नजर वर होईना, तरी शब्द न् शब्द पुन्हा बोलली. मागोमाग काकांनी हात जोडले अन् गुपचूप बायकांच्या सतरंजीवर बसले.

"शाबासकी आत्ता घे, पोरी," यशोधराताई म्हणाली. "चोर कुणीपण पकडतं."

ज्योतीमावशीनं सरकून दुर्वाला जागा केली.

"बस इथं. अन् ताई, तुम्ही शिकवा. सोमवार आला!"