खलनायकाचं दुकान

सकाळी दहाला प्रकाशकाचा फोन आला, तेव्हा संपादिका कुणाच्या तरी आत्मचरित्रातली अनावश्यक विशेषणं वेचून काढत होती.

"बाई, आज पुस्तक छापायला मागवलं तेव्हा कळलं, शेवटचं प्रकरण चोरीला गेलंय," प्रकाशक म्हणाले. "चोर कोण ते विचारू नका."

"तरी सांगा."

"खलनायक. आणखी कोण?"

खलनायक म्हणजे गेल्या महिन्यात वारलेल्या कादंबरीकाराचा धाकटा भाऊ. चौकात त्याचं औषधांचं दुकान. तीस वर्षांपूर्वी कादंबरीकाराच्या पहिल्या पुस्तकात असाच एक दुकानदार होता, भावावरच्या रागापायी मरणाऱ्या आईचं औषध अडवून धरणारा. पुस्तक घरोघरी गेलं. आणि शहराने पुस्तकातला काळा रंग खऱ्या माणसाच्या अंगावर ओतून दिला. लोक खोकल्याच्या औषधासाठी दोन गल्ल्या ओलांडून जाऊ लागले, पण त्याच्या पायरीला पाय लावेनात.

आता त्याच गोष्टीचा पुढचा भाग तयार होता, फक्त शेवट नव्हता.

"पाच वाजता मी पोलिसांत तक्रार देणार," प्रकाशक म्हणाले. "तोवर काही हाती लागलं तर बघा."

तक्रार गेली की ते दुकान पुन्हा उघडणार नाही, हे संपादिकेला ठाऊक होतं. आणखीही एक गोष्ट तिला ठाऊक होती, ती तिने तीस वर्षांत कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या हस्तलिखितात तो दुकानदार पायरीवर आलेल्या आंधळ्या मांजराला दूध पाजत असे. तो परिच्छेद तिनेच खोडला होता. समासात लिहिलं होतं, 'वाचकाचा गोंधळ होईल.' तेव्हा ती पंचवीस वर्षांची होती आणि तिला सगळं कळत होतं.

कादंबरीकाराच्या खोलीत अजून त्याच्या तपकिरीचा वास होता. त्याच्या लेकीने खिडकी उघडली. गेली पंधरा वर्षं बापाचं अक्षर लावायचं आणि टाइप करायचं, हेच तिचं आयुष्य.

"बाबा शेवट सगळ्यात आधी लिहायचे, ताई," ती म्हणाली. "पाकिटात बंद करून या खणात ठेवायचे. बाकीचं पुस्तक टाइप झालं की पाकीट थेट प्रकाशकांच्या हातात. मलासुद्धा दाखवायचे नाहीत."

"या वेळीही नाही?"

"नाही. मी ते प्रकरण डोळ्यांनी पाहिलेलं नाही."

"खणाची किल्ली?"

"त्यांच्या गळ्यात असायची. दवाखान्यातून त्यांच्या चष्म्याबरोबर मला दिली."

"आणि खण फुटलेला कधी दिसला?"

"बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी. काका येऊन गेले होते. तीस वर्षांत पहिल्यांदा. म्हणाले, मला इथे जरा एकटं बसू दे. अर्धा तास बसले." तिने ओठ घट्ट मिटले. "मी दार लावून घेतलं होतं. माझीच चूक."

संपादिका खणापाशी वाकली. कुलपाची जीभ बाहेर आलेली होती, वाकलेली, पितळेवर पेचकसाचे ओरखडे. जीभ ज्या खाचेत बसते ती वरच्या फळीतली खाच तिने बोटाने चाचपली. कडा गुळगुळीत. एक टवकाही उडालेला नव्हता.

मग तिने टेबलावरचा गठ्ठा उघडला. सुबक काम. प्रत्येक पानाच्या तळाशी लाल शाईत दोन आकडे, पान कितवं आणि एकूण किती. ४१/३१२. ४२/३१२.

"हे आकडे हाताने घालतेस?"

"सगळं टाइप झालं की एका बैठकीत. पूर्वी छापखान्यात चार पानं हरवली होती, कुणाला पत्ताच लागला नाही. बाबा दोन दिवस जेवले नव्हते. तेव्हापासून."

संपादिकेने शेवटचं पान उलटलं. दोनशे शहाण्णवावं. दुकानदार बंद दारापुढे उभा आहे, एवढ्यावर गोष्ट तुटली होती.

"तुला काय वाटतं, शेवटी त्याचं काय होणार होतं?"

"काय होणार? वाईटाचं जे व्हायचं तेच," लेक म्हणाली आणि तिने गठ्ठ्याची दोरी पुन्हा बांधली.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. काका कापडाने बरण्या पुसत होते. पुसलेलीच बरणी पुन्हा पुसत होते.

"डोकेदुखी की चौकशी?" त्यांनी विचारलं.

"चौकशी."

"तेच म्हटलं. डोकेदुखीवाले इकडे येत नाहीत. त्यांना वाटतं, मी गोळीत काही कालवीन."

"दादांच्या खोलीत अर्धा तास काय केलंत?"

"त्याच्या खुर्चीत बसलो. मला इतकं वाईट त्याने कुठे बसून केलं, ते बघायचं होतं. खुर्ची साधीच निघाली."

"खणाला हात लावलात?"

"नाही."

"पुस्तकाचा शेवट काय, माहीत होतं?"

"मी त्याचं एकही पुस्तक वाचलेलं नाही, बाई. लोक मला तोंडपाठ म्हणून दाखवतात, तेवढं पुरतं." त्यांनी कापडाची घडी घातली. "तुम्हीच का त्या, त्याची पुस्तकं तपासणाऱ्या?"

"हो."

"मग मला तुम्ही चांगल्याच ओळखत असाल."

"साडेचारला दादांच्या घरी या," एवढंच ती म्हणाली.

साडेचारला चौघं त्या खोलीत बसली होती. प्रकाशकांच्या मांडीवर तक्रारीचा कागद. काका दाराजवळ, जणू कुणी आत बोलावलंच नाही.

"खण फोडणाऱ्याने बंद खण उचकटला असता, तर वरच्या फळीचं लाकूड आधी तुटलं असतं," संपादिका म्हणाली. "लाकूड शाबूत आहे. म्हणजे आधी किल्लीने खण उघडला, मग बाहेर ओढून कुलूप वाकवलं. ज्याला आतलं हवं होतं, त्याला कुलूप फोडायची गरजच नव्हती. त्याला कुलूप फुटलेलं दिसायला हवं होतं."

"किल्ली तर..." प्रकाशक म्हणाले आणि थांबले.

"आणि ही पानं. एकूण किती ते लिहायचं तर शेवटचं पान हातात पाहिजे. इथे दोनशे शहाण्णव पानं आहेत आणि प्रत्येकावर लिहिलंय, तीनशे बारा." ती लेकीकडे वळली. "सोळा पानं कमी. या वेळी बाबांनी पाकीट तुला दिलं होतं. तू ते टाइपही केलंस. मग ते गेले, आणि तू सोळा पानं काढून घेतलीस. आकडे तसेच राहिले. रोजचं काम हात करतो, डोळे बघत नाहीत."

लेक उठली, कपाटातल्या हिवाळी कपड्यांखालून एक पाकीट आणि टाइप केलेली पानं काढून टेबलावर ठेवली.

"काडी पेटवली होती," ती म्हणाली. "पण त्यांचं अक्षर दिसलं."

"काय आहे त्यात?" प्रकाशकांनी विचारलं.

"आजी गेली त्या दुपारी तिचं औषध आणायला बाबा निघाले होते. वाटेत वाचनालयात शिरले. एका पुस्तकाची वीस पानं उरली होती. ती संपेपर्यंत संध्याकाळ झाली. काकांनी औषध बांधून काउंटरवर ठेवलं होतं, वाट बघत बसले होते. घरी येऊन बाबा म्हणाले, दुकानातून दिलं नाही. लोक म्हणतात, यांच्या पुस्तकांनी आम्हाला चांगलं-वाईट कळलं. ते सगळं वीस पानांसाठी जाऊ देऊ?"

"म्हणून काकांना पोलिसांत देणार होतीस?"

"ते तर आधीपासूनच वाईट होते," लेक म्हणाली. आपण काय बोललो हे तिला बोलल्यावर कळलं.

"तुम्ही गप्प का राहिलात?" संपादिकेने काकांना विचारलं.

"आईच्या उशाशी दादा थरथरत होता. म्हटलं, आजचा दिवस गप्प राहू. मग पुस्तक आलं. त्यानंतर कोण ऐकणार?" ते पानांकडे बघत होते, हात लावत नव्हते. "मला यात त्याने देवमाणूस केलंय का?"

लेकीने मान हलवली. हो.

"मग तेही खोटंच. पुस्तकानंतर तीनदा तो दुकानाशी आला होता. तिन्ही वेळा मी शटर खाली ओढलं. बाहेर उभा राहून रडला. मला बरं वाटलं होतं."

"पहिल्या पुस्तकातला मांजराचा परिच्छेद मी खोडला होता," संपादिका हळूच म्हणाली. काकांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांना ते कळलं की नाही, ते तिलाही कळलं नाही.

प्रकाशकांनी कागद घडी करून खिशात घातला. "मी ही तक्रार देत नाही. पण यापुढे काय, ते तुम्ही सांगा."

"छापा. त्याने लिहिलंय तसं, शब्द न बदलता." मग काका पुतणीकडे वळले. "तुला माफ केलं असं मी म्हणणार नाही. आज तरी नाही. उद्या सकाळी दुकानात ये. गिऱ्हाइकासमोर उभी राहा आणि सांग, कुलूप कुणी फोडलं."

"येईन," लेक म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "काका, आणि गिऱ्हाईकच नसलं तर?"

"मग थांबायचं," काका म्हणाले. "कुणी येईपर्यंत."